भिंतीला पचलेलं दूध

मलईदादांनी ठरवलं ते काही फार मोठं नव्हतं. कुणाची जमीन बळकावायची नव्हती, कुणाला निवडणुकीत पाडायचं नव्हतं. होणाऱ्या जावयाला पेलाभर दूध पाजायचं, बस्स. पण माणसाने मोहरीएवढं ठरवावं आणि त्याचा भोपळा व्हावा, हे काय आपल्या हातात असतं? (मलईदादांच्या हातात तर कपसुद्धा धड टिकत नसे. घरात कान शाबूत असलेला कप एकच, आणि तो बायकोने त्यांच्यापासून लपवून ठेवलेला.)

मलईदादा डेअरीत दुधाची चव बघायचे. हीच त्यांची नोकरी. दुधाचा टँकर फाटकातून आत आला की दादा लांब दांड्याची पळी घेऊन शिडीवर चढायचे. घोटभर दूध तोंडात घ्यायचे, या गालातून त्या गालात खेळवायचे, डोळे मिटायचे, बेसिनकडे वळून तोंड मोकळं करायचे आणि मग निकाल द्यायचे. "गायीने रानकांदा खाल्लाय." "कॅन धुतलेला नाही." "कालचं आजच्यात मिसळलंय, बोलवा त्याला इकडे." डेअरीत यंत्रं होती, काचेच्या नळ्या होत्या, पण यंत्राने पास केलेलं दूध दादांच्या जिभेने नापास केलं की टँकर आल्या वाटेने परत. मॅनेजरसुद्धा दादांच्या तोंडाकडे असा बघत उभा राहायचा, जसा आजाऱ्याचा मुलगा डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो.

असं झालं की माणसाला वाटायला लागतं, आपल्यावाचून दुधाला पांढरेपणा नाही. दादांनाही वाटायचं. कुणी अशक्त दिसला की दादा म्हणायचे, दूध घे. कुणाला झोप येत नसली तरी दूध घे, कुणाला फार झोप येत असली तरी दूध घे. शेजारच्या शिंप्याचं मशीन बिघडलं तेव्हाही ते सवयीने तेच म्हणाले होते.

त्यांची एकुलती एक लेक हॉस्पिटलात हाडांचे फोटो काढायची. त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर रक्त तपासणारा एक मुलगा होता. त्याला सगळे लॅबवाला म्हणायचे. एक हाडं बघणारी, एक रक्त बघणारा, मधलं काळीज दोघांनी मिळून कसं जमवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण जमलं खरं. मुलगा डोंगरातला होता. त्याची माणसं त्या मुलखातली मूळची, सपाटीवर गावं वसायच्या, रस्ते व्हायच्या आधीपासूनची. शिकार, मासे, कंद आणि मध यांवर पिढ्यान् पिढ्या जगलेली. दादांना त्याचं काही नव्हतं. "माणूस मूळचा असो नाहीतर उपरा असो," ते म्हणायचे, "तो दूध कसा पितो ते बघावं."

तर लॅबवाला पहिल्यांदा घरी आला, तेव्हा दादा स्वतः उठले आणि बोटभर साय असलेला पेला त्याच्यापुढे घेऊन गेले.

"घे."

"नको काका."

"लाजू नकोस. आपल्याच डेअरीचं आहे."

"लाजत नाही काका. मला दूध पचत नाही."

दादांनी पेल्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, परत पेल्याकडे बघितलं. "पचत नाही म्हणजे? दूध आहे हे. खिळे नाहीत."

मुलगा गुणी. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगायला लागला. "काका, बाळ असताना सगळ्यांनाच पचतं. दुधात साखर असते, ती फोडणारं एक द्रव्य पोटात तयार होतं. मूल मोठं झालं की बऱ्याच जणांच्या पोटातलं ते दुकान बंद होतं. ज्या लोकांनी हजारो वर्षं गुरं पाळली, दूध प्यायलं, त्यांच्या जीनमध्ये कधीतरी एक बारीकसा बदल झाला आणि त्यांचं दुकान म्हातारपणापर्यंत उघडं राहायला लागलं. आईबापांकडून मुलांकडे तसं ते येतं. आमच्या लोकांनी दुधासाठी गुरं पाळलीच नाहीत. आमच्यात म्हणतात, दूध वासराचं."

"म्हणजे तुमच्यात थोडी खोट आहे म्हण."

"खोट कसली? जगात मोठ्या माणसांमध्ये न पचणारेच जास्त आहेत. खरं बघायला गेलं तर तुम्ही पचवणारे जरा वेगळे."

यातलं 'वेगळे' एवढंच दादांनी उचललं आणि मान ताठ केली. बाकीचं वाऱ्यावर गेलं. "सवय नाही तुला, दुसरं काही नाही. मला नवीन बूट चावायचे. घातले, घातले, बसले पायात."

"पोट म्हणजे बूट नव्हे हो," बायको आतून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. हे विज्ञान आहे."

लॅबवाला गेला आणि दादा येरझारा घालायला लागले. मलईदादांचा जावई दुधाला तोंड लावत नाही! उद्या डेअरीत कळलं तर? टँकरवाले काय म्हणतील? सुताराच्या घरी मोडकी खाट! दादांनी तिथल्या तिथे ठरवलं, या पोराला दूध पाजायचं. सांगून पीत नाही तर न सांगता. एकदा पोटात गेलं आणि काही झालं नाही, की आपोआप भीड चेपेल.

लेकीला बापाच्या कपाळावरच्या आठ्या वाचता यायच्या. (हाडांचे फोटो वाचणारीला आठ्या काय जड?) ती समोर येऊन बसली. "बाबा, नीट ऐका. त्याला आईवडील नाहीत, आजीनेच वाढवलंय. पुढच्या सुट्टीला आजी आपल्याकडे जेवायला येणार आहेत. त्या हो म्हणाल्या तर लग्न होईल. नाही म्हणाल्या तर तो त्यांचा शब्द मोडणार नाही. आणि मला दुसरं कुणी नको. तेव्हा त्या दिवशी तुम्ही दुधाचं नावसुद्धा काढायचं नाही."

"नाव? छे, छे. नाव कशाला काढेन?"

आणि माणूस शब्दाचा पक्का. नाव काढलं नाही. पावडर काढली.

डेअरीत तेव्हा नवीन दूधपावडर आली होती, जास्त सायीची. तिचं मोठं पाकीट दादांनी कोटाच्या आतल्या खिशात घालून आणलं. मनातल्या मनात सगळं ठरलं होतं. आजी जेवतील, मुलगा जेवेल, कुणाला काही होणार नाही, मग आपण उभं राहायचं आणि सांगायचं. आजी थक्क होतील, पाठ थोपटतील, म्हणतील, तू आमचे डोळे उघडलेस रे बाबा. (मनातल्या आजी नेहमी कबूल होतात. खऱ्या आजींचं तसं नसतं.)

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बायको स्वयंपाकघरात होती. बटाट्याचं दाट सूप मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. दादा दारात घुटमळत होते. कोट घालून. घरात. उकाड्याचे दिवस होते.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"पाहुणे येणार आहेत. माणसाने नीटनेटकं असावं."

"एका बाजूनेच नीटनेटके दिसताय. डावीकडे फुगलंय."

"छातीच आहे ती."

बायकोने पिशवी घेतली. "मी जरा पाव घेऊन येते. सुपाला हात लावू नका."

ती पायऱ्या उतरली तशी दादांनी पाकीट दातांनी फाडलं. पावडरीचा लोट उठला. अर्ध्याच्या वर पातेल्यात, थोडी शेगडीवर, राहिलेली मिशीवर. घाईघाईने ढवळलं, पाकिटाची घडी करून परत खिशात घातली आणि बाहेर येऊन पेपर धरून बसले. बायको पाव घेऊन आली. थबकली.

"मिशा पांढऱ्या झाल्या की हो."

"वय झालं."

"सकाळी काळ्या होत्या."

"मुलीच्या बापाला काळजी असते. काळजीने होतात."

बायको काही बोलली नाही. आत गेली. आता बायको काही बोलत नाही म्हणजे वादळ टळलं, असं जे नवरे समजतात त्यांना संसार कळलेला नाही. दादा तसं समजले आणि निवांत पेपर वाचू लागले. पेपर उलटा होता.

दुपारी आजी आल्या. अंगाने एवढ्याशा, पण पाठ ताठ. हातात काठी, तीसुद्धा टेकायला नाही, माणसं दाखवायला. लॅबवाला मागे. आजींनी काठी दादांकडे केली. "हा मुलीचा बाप?"

"हो आजी," दादा वाकून म्हणाले.

"कोट का घातलाय? कुठे चाललाय?"

"नाही आजी, इथेच आहे."

सगळे टेबलाशी बसले. बायको आतून एकेक वाडगा भरून आणत होती आणि ज्याच्या त्याच्यापुढे ठेवत होती. दादांनी पहिला चमचा तोंडात घातला, सवयीने या गालातून त्या गालात फिरवला, डोळे मिटले. होती! पावडर होती, भरपूर होती, नवीनवाली होती. जीभ कधी चुकत नसे त्यांची. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. लॅबवाला खातोय, आजी खातायत, लेक खातेय. दादांना इतका आनंद झाला की ते वाडगा संपवून दुसरा मागायला लागले.

"सूप छान झालंय गं," आजी म्हणाल्या. "काय काय घातलंस?"

"बटाटे, कांदा, मिरी, मीठ. दुसरं काही नाही आजी," बायको म्हणाली.

दादांना हसू आवरेना. त्यांनी ते पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं. मग सहज विषय काढावा तसं म्हणाले, "आजी, तुमच्या डोंगरात लोक खातात काय हो? म्हणजे ताकदीचं?"

लेकीने टेबलाखालून पाय मारला. तो चुकून लॅबवाल्याला लागला. तो बिचारा मुकाट्याने कळवळला.

आजींनी चमचा खाली ठेवला. "आमच्याकडे ना, मी तरणी असताना मोठा दुष्काळ पडला. तेव्हा खालून सरकारी गाडी आली. पोतीच्या पोती पांढरी पावडर. दुधाची म्हणे. पाण्यात कालवा आणि प्या, ताकद येईल. माणसं भली होती, चांगल्या मनाने आणली होती. पण आधी कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही दूध पिता का? आम्ही पोरांना पाजलं. रात्रभर पोरं पोट धरून लोळली. माझा धाकटा भाऊ तर पांढराफटक पडला. आम्हाला वाटलं, विष आहे."

"अरेरे. मग?" दादांनी विचारलं. तिसरा वाडगा सुरू होता.

"मग काय? पोती पडली होती. टाकायची कशी? आम्ही ती पाण्यात कालवली आणि घरं सारवली. भिंती अशा पांढऱ्या झाल्या, की अजून पोपडा निघाला नाही. माणसांना नाही पचलं. भिंतींना पचलं."

सगळे हसले. आजी नाही हसल्या. "हसू आता येतं. पण तेव्हापासून मी एक बघते. कुणी मला काही खाऊ घालतं, तर विचारून घालतं का, न विचारता. न विचारता घालणाऱ्याच्या घरात मी माझं माणूस देणार नाही."

आता इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. पावाचा तुकडा घेतला असता, हवापाण्याचं बोलला असता. पण दादांनी इतके दिवस मनात भाषण घोकलेलं. ते घशाशी आलेलं. आणि आजींचं शेवटचं वाक्य चालू असताना ते वाडगा चाटून पुसत होते, त्यामुळे ते त्यांच्या कानापर्यंत गेलं, डोक्यात शिरलं नाही. ते उभे राहिले. चमच्याने पेल्यावर टण् टण् केलं.

"आजी! तुम्ही सगळ्यांनी आत्ता काय खाल्लंत?"

"बटाटे," आजी म्हणाल्या.

"बटाटे आणि दूध! अख्खं पाकीट पावडर, माझ्या या हातांनी घातलेली! काही झालं कुणाला? काही नाही! सगळी मनाची भीती असते!"

टेबलावर असं झालं, जसं कुणी घरातले दिवे घालवावेत. लॅबवाल्याचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले. "मला... मला मघापासून जरा कळ येतेय असं वाटतंच होतं," तो म्हणाला. लेकीने ओंजळीत तोंड लपवलं. आजी उठल्या. काठी घेतली.

"चल रे," त्या नातवाला म्हणाल्या. "बघितलं घर."

"आजी, थांबा, माझं ऐका तरी," बायको म्हणाली.

आणि तेवढ्यात आवाज आला. गुडगुड... गुर्र्र... कुणाला वाटलं वरच्या मजल्यावर कपाट सरकवलं, कुणाला वाटलं रस्त्यावर ट्रक आला. दादा उभ्या जागी थोडे वाकले. कपाळावर घाम. तोंडातलं 'मनाची भीती' हे वाक्य अजून पुरतं थंडही झालं नव्हतं. ते "एक मिनिट हं" एवढंच म्हणाले आणि पळाले. घरात संडास एकच, जेवायच्या खोलीला लागून, आणि दार पातळ. कडी लागली.

आत बसल्या बसल्या दादांना बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, बसा," बायको म्हणत होती. "तुमच्या पोटात दुधाचा थेंब गेलेला नाही. लेकीने मला आधीच सांगितलं होतं, मी विचारूनच रांधलंय. तुमचं पातेलं वेगळं. सकाळीच करून ओव्हनमध्ये झाकून ठेवलं होतं. शेगडीवर जे होतं ते रात्रीसाठी. यांच्या कोटाचा खिसा बघितला तेव्हाच ओळखलं मी, म्हणून पावाच्या निमित्ताने बाहेर गेले, म्हटलं घाला काय घालायचं ते. आम्ही सगळ्यांनी ओव्हनमधलं खाल्लं. त्यांचं त्यांना वाढलं. चारचौघांत त्यांची शोभा नको म्हणून बोलले नाही. मला काय ठाऊक, स्वतःच उठून दवंडी पिटतील?"



"कळ गेली," लॅबवाला म्हणाला.

आजी काय करतात ते दादांना दिसत नव्हतं. काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. बसल्या की निघाल्या?

मग दाराशी लॅबवाल्याचा आवाज. "काका, फार त्रास होतोय का?"

"काही नाही रे. कांद्याने झालं असेल."

"कांदा आम्हीही खाल्ला."

"मग उकाड्याने."

"काका, एक विचारू? तुम्ही दूध कधी पिता?"

"कधी?" दादा आतून गरजले. (आतून गरजणं सोपं असतं, तोंड दिसत नाही.) "अरे, आयुष्य गेलं माझं दुधात! या मुलखातल्या एकूणएक गायीची चव सांगेन मी तुला!"

"चव घेता. पण गिळता का?"

 मग बारीक आवाज आला. "गिळून कसं चालेल? इतके टँकर असतात. थुंकावं लागतं."

"आणि घरी?"

"घरी कशाला पितील?" बाहेरून बायको म्हणाली. "दिवसभर वास घेऊन विटलेले असतात. चहा काळा, कॉफी काळी. लग्न होऊन आले तेव्हापासून यांना मी दुधाचा पेला तोंडाला लावताना बघितलं नाही. पाजायचं तेवढं दुसऱ्यांना."

"दही खातो!" दादा आतून ओरडले. "चीज खातो! त्याने कधी काही झालं नाही!"

"दह्यातले जंतू बरीचशी साखर आधीच खाऊन टाकतात काका. आणि जुन्या, मुरलेल्या चीजमध्ये ती जवळजवळ उरतच नाही. तुमचं दुकान बहुतेक केव्हाच बंद झालंय. तुम्ही कधी आत डोकावला नाहीत, म्हणून कळलं नाही. आणि आज एकदम तीन वाडगे. नक्की सांगायचं तर थुंकी घेऊन जीन तपासावा लागेल."

"थुंकी तर त्यांची डेअरीत हवी तेवढी मिळेल," बायको म्हणाली.

"पण माझी लेक पिते दूध! तिला काही होत नाही!"

"तिला काकूंकडून उघडं दुकान मिळालं असेल. एकाकडून मिळालं तरी पुरतं. तुम्हाला मात्र आईकडूनही बंद आणि वडिलांकडूनही बंद."

दादांनी भिंतीला डोकं टेकलं. आपलं घराणं, आपल्या दोन्ही बाजू, आणि दोन्हीकडे कुलूप! तेवढ्यात आजींचा आवाज आला. म्हणजे गेल्या नव्हत्या!

"याची आजी कुठली होती गं?"

"नदीपलीकडची," बायको म्हणाली. "त्याही दूध पीत नसत. वास येतो म्हणायच्या."

"नदीपलीकडे पूर्वी आमचीच माणसं राहायची."

"आजी," लॅबवाला घाईने म्हणाला, "पोटावरून कूळ नाही काढता येत. दूध न पचणारे सगळ्या जातीच्या, सगळ्या देशांच्या लोकांत आहेत. असं धरलं तर अर्ध्याहून जास्त दुनिया आपली सोयरी होईल."

"मग आहेच की," आजी म्हणाल्या. "तुला आज कळलं?"

बाहेर कुणीतरी हसलं. दादांच्या जिवात थोडा जीव आला. पण लगेच पुढची लाट आली आणि तो गेला.

नंतर बाहेरचे आवाज हळू झाले. कुजबुज. कपबशा वाजल्या. लेक काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. रडतेय की काय? दादा कान लावून बसले. पोटातली कळ जरा ओसरली तेव्हा काळजात उठली. आजींचं ते वाक्य आता कुठे त्यांच्या डोक्यात शिरत होतं. न विचारता घालणाऱ्याच्या घरात माझं माणूस देणार नाही. आणि तो धाकटा भाऊ, पांढराफटक पडलेला. आपण काय केलं? गाडीतून पोती आणणाऱ्यांना निदान ठाऊक नव्हतं. आपल्याला तर मुलाने खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं होतं. बायकोने पातेलं वेगळं ठेवलं नसतं तर आज म्हातारीला आपण लोळवलं असतं, आणि वर टण् टण् करून भाषण केलं असतं. दादांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चव कळली, आणि ती काही पास करण्यासारखी नव्हती.

ठक् ठक्. काठी दारावर.

"झालं का रे?" आजी.

"नाही आजी," दादा दीनवाणे म्हणाले. "आजी, मला तुमची माफी मागायचीय."

"बाहेर ये."

"आत्ता येववत नाही आजी. इथूनच मागतो. माझं फार चुकलं..."

"आतून नको! आधी बाहेर ये!"

काठी गेली. दादा समजले. म्हातारी मानी आहे. तोंड दाखवल्याशिवाय माफी नाही. बरोबर आहे तिचं. माणसाने डोळ्याला डोळा देऊन चूक कबूल करावी. ते मनात शब्द जुळवायला लागले.

पुन्हा ठक् ठक् ठक्. आता जास्त जोरात. "अरे, येतोस ना बाहेर?"

"आलोच आजी, जरा धीर धरा. माझ्या लेकीचा यात काही दोष नाही हो..."

"ते सगळं बाहेर! दार उघड!"

आवाजात असा काही ताण होता, की दादा घाईघाईने उठले. आता सगळं आपल्या शब्दांवर आहे. लेकीचा संसार या दारापलीकडे उभा आहे. त्यांनी तोंड धुतलं, मिशीतली उरलीसुरली पावडर काढली, केसांना पाणी लावून भांग पाडला, कोटाची बटणं लावली आणि कडी काढली.

आजी दारातच उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, काठी घट्ट धरलेली, आणि संतापाने या पायावरून त्या पायावर होत होत्या. मागे टेबलाशी बायको, लेक आणि लॅबवाला काळा चहा पीत बसले होते. दादांनी मान खाली घातली.

"आजी," ते म्हणाले, "तुम्हाला न विचारता मी तुमच्या ताटात हात घालायला गेलो. मला सांगितलेलं होतं, तरी मी ऐकलं नाही. मला वाटलं, मला चव कळते म्हणजे सगळं कळतं. दुष्काळात तुमच्यावर जे ओढवलं, तेच मी आज हसत हसत करणार होतो. तुमच्या भावाची..."

"बरं, बरं. झालं?"

"नाही आजी, अजून आहे. तुम्ही मला काय वाटेल ती शिक्षा द्या. जन्मभर तुमच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा देणार नाही. पण या पोरांचं लग्न मोडू नका. मी तुमच्या पाया..."

"अरे, मोडतंय कोण?" आजी म्हणाल्या. "तू आत गेलास आणि तुझ्या बायकोने ते पातेलं दाखवलं, तेव्हाच हो म्हटलं मी. विचारून रांधणारी बाई आहे, पोर तिच्याच हाताखाली वाढलीय. तारीखसुद्धा ठरली आमची. चहा झाला. तुझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं."

दादांनी टेबलाकडे बघितलं. लेक डोळे पुसत हसत होती. लॅबवाल्याने कप उंचावला. दादा चक्रावले. "मग आजी, तुम्ही एवढं दार बडवून मला बाहेर ये, बाहेर ये करत होता, ते माफीसाठीच ना?"

"माफी कसली डोंबलाची!" आजींनी काठीने त्यांना बाजूला सारलं. "घरात संडास एक, आणि त्यात जेवल्यापासून तू!"

दार धाडकन लागलं. कडी बसली. दादा कोटाची बटणं लावलेले, भांग पाडलेले, तसेच दाराकडे तोंड करून उभे राहिले. मग आतून आजींचा आवाज आला, अगदी शांत, निवांत.

"हां. आता माग माफी. ऐकतेय मी."